मोठी मॅच : ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळासाठी अख्खं शहर दोन भागांत वाटलं जाताना बघायचं असेल तर ईस्ट बंगाल-मोहन बागान या तिथल्या दोन फुटबॉल क्लबांच्या मॅचच्या दिवशी कोलकात्याला जा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी बँकेच्या बदलीमुळे सहा वर्षं तिथे काढली, जादवपूरच्या बाजूला भाड्याने राहायचे म्हणजे सगळीकडे ईस्ट बंगालवाले, आणि ऑफिसातले आमचे साहेब उत्तर कोलकात्यातले, तीन पिढ्यांचे मोहन बागानवाले. दोन्ही बाजूंचं भरपूर ऐकलंय, त्यातलं जे पक्कं माहितीय तेवढंच सांगते.

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न कोलकात्याच्या मुलाशी ठरतंय. बोलणी करायला गेलो तर मुलाच्या वडिलांनी पहिल्याच चहाला विचारलं, "आम्ही बांगाल आहोत, सांगून ठेवतो." मला काही कळलं नाही, मी आपली हसून मान हलवली. नंतर मुलगी म्हणाली की ते फुटबॉलवरून होतं. हे नक्की काय प्रकरण आहे? (एक आई, नाशिक)

ताई, आधी अभिनंदन. तुमच्या व्याह्यांनी तुम्हाला त्यांच्या घराण्याचं मूळ सांगितलं, फुटबॉल त्याच्या मागोमाग येतो.

बंगाली हिंदूंमध्ये ढोबळ मानाने दोन गट धरतात. ज्यांची मुळं पश्चिम बंगालमधली ते घोटी, आणि ज्यांचे आजे-पणजे पूर्व बंगालमधून म्हणजे आजच्या बांगलादेशातून आले ते बांगाल. बोलण्याची ढब वेगळी, स्वयंपाक वेगळा, घोट्यांच्या भाजी-डाळीत साखर पडते म्हणून बांगाल नाक मुरडतात आणि बांगालांचं जेवण तिखटजाळ म्हणून घोटी पाणी पीत बसतात. आपल्याकडे देशावरचे आणि कोकणातले एकमेकांच्या आमटीवरून बोलतात ना, त्याच जातीचं आहे हे, फक्त त्याच्या पाठीमागे फाळणी आहे आणि तिथे सगळा फरक पडतो.

मोहन बागान क्लब जुना, १५ ऑगस्ट १८८९ चा, उत्तर कोलकात्यात सुरू झालेला. ईस्ट बंगालचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, आणि त्याची गोष्ट तिथलं लहान पोरही सांगतं. कूचबिहार कपात मोहन बागान आणि जोडाबागान अशी मॅच होती, जोडाबागानने शैलेश बोस नावाच्या त्यांच्या चांगल्या डिफेंडरला टीममधून वगळलं, क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घ्या म्हणून सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. पूर्व बंगालचा म्हणून डावललं असं त्यांच्या मनाने घेतलं, ते तिथून बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत चार समविचारी माणसं घेऊन नवा क्लब काढला. नाव काय ठेवायचं यावर फार विचार करावा लागला नसणार. आपण जिथले ते नाव ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, हे फाळणीच्या २७ वर्षं आधीचं आहे. म्हणजे ईस्ट बंगाल सुरुवातीला निर्वासितांचा क्लब नव्हताच, तो कोलकात्यात नोकरी-शिक्षणाला आलेल्या, बोलीवरून चिडवल्या जाणाऱ्या लोकांचा क्लब होता. मग १९४७ आलं, लाखो माणसं घरदार सोडून आली, सियालदा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर कुटुंबंच्या कुटुंबं महिनोन्महिने राहिली, जादवपूरच्या बाजूला विजयगड, आझादगड अशा वसाहती लोकांनी स्वतःच्या हातांनी उभ्या केल्या. या माणसांकडे सांगायला गाव उरलं नव्हतं, पण त्यांच्या गावाचं नाव लावून मैदानात उतरणारी अकरा माणसं होती. मला वाटतं सगळ्या वैराचं बीज इथे आहे, आणि हे कळलं नाही तर पुढचं सगळं नुसता आरडाओरडा वाटतो.

आमच्या घरमालकांना मी काकू म्हणायचे (बंगालीत काकू म्हणजे काका, पहिले काही दिवस मला जीभ वळवावी लागली). त्यांची आई ऐंशीच्या पुढची. मी राहायला गेले त्या दिवशी तिने विचारलं, तुझा देश कुठला? मी म्हटलं भारतच की. ती हसली. तिच्या भाषेत देश म्हणजे मूळ गाव, आपण जसं "गाव कुठलं तुमचं" विचारतो तसं. तिचा देश बरिशालकडचा, नऊ वर्षांची असताना सुटलेला. ही बाई आयुष्यात कधी स्टेडियममध्ये गेली नव्हती, ऑफसाइड म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण मॅचच्या दिवशी देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी तिचा रेडिओ ठेवलेला असायचा. घरात टीव्ही आला, मोबाइल आले, रेडिओवर कॉमेंट्री असो नसो, तो तिथे ठेवायचाच.

मासळीचंही तुम्हाला कामाला येईल म्हणून सांगते. ईस्ट बंगालचा मासा इलिश म्हणजे हिलसा, मोहन बागानचा चिंगडी म्हणजे मोठी कोळंबी. जो जिंकेल त्याचा मासा त्या संध्याकाळी बाजारात भाव खातो, अगदी खराखुरा किलोचा भाव. तुमच्या व्याह्यांकडे पावसाळ्यात गेलात तर इलिश मिळेल, काटे फार असतात, हळू खा. मोहन बागान जिंकलेल्या संध्याकाळी मात्र कोळंबीचा विषय काढू नका.

आणि हे सगळं इतकं सरळ कधीच नव्हतं हेही जावयाला सांगता येईल. मोहन बागानचे सगळ्यात लाडके चुनी गोस्वामी जन्माने किशोरगंजचे, म्हणजे पूर्व बंगालचे. ते आयुष्यभर मोहन बागान सोडून दुसऱ्या क्लबकडून खेळले नाहीत. (हेच चुनीदा १९७१-७२ च्या रणजी फायनलला बंगालचे कॅप्टन होते, समोर आपली मुंबई, मुंबई जिंकली.) मोहन बागानचेच, ज्यांना चीनची भिंत म्हणायचे ते गोष्ठ पाल, त्यांचा मैदानाजवळ पुतळा आहे, ते फरीदपूरचे. उलटं बघायचं तर १९५० च्या आसपास ईस्ट बंगालची जी पुढची फळी पंचपांडव म्हणून गाजली, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह आणि व्यंकटेश, त्यातला एकही बंगाली नव्हता, सगळे दक्षिणेकडचे. बरिशालच्या म्हाताऱ्या त्यांच्यासाठी नवस बोलायच्या.

प्रश्न : आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की पेठा ओस पडत्यात. कोलकात्यात ह्याच्यापेक्षा वेगळं काय असतंय? आणि मोहन बागाननं अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवलं ते खरं हाय का? (एक तालीमवाला, कोल्हापूर)

दादा, तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही, डर्बी, म्हणजे एकाच गावातल्या दोन टीमची मॅच, काय असते हे महाराष्ट्रात कोल्हापूरइतकं कुणाला कळत नाही. पेठेचा, तालमीचा अभिमान हा असाच रक्तातला असतो. फरक एवढाच की तुमच्या दोन्ही पेठांमधल्या कुणाचं गाव तुटलेलं नाही, मॅच संपली की सगळे त्याच गल्ल्यांत परत येतात.

अनवाणीचं खरं आहे. २९ जुलै १९११, कोलकात्यातल्या आयएफए शील्ड स्पर्धेची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची टीम, सगळे बूट घातलेले गोरे सोल्जर. मोहन बागानच्या अकरांपैकी फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट, बाकी दहा अनवाणी. पहिला गोल गोऱ्यांनी केला, मग कॅप्टन शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि मॅच संपायला थोडाच वेळ राहिला असताना अभिलाष घोष यांनी दुसरा टाकला. २-१. मैदानात घुसायला जागा नव्हती म्हणून लांब उभ्या असलेल्यांना स्कोअर कळावा यासाठी पतंग उडवत होते असं सांगतात. भारतीय टीमने शील्ड जिंकल्याची ही पहिलीच वेळ, आणि बंगालच्या १९०५ च्या फाळणीवरून सहा वर्षं पेटलेलं वातावरण, स्वदेशीचे दिवस, त्यामुळे तो विजय कोलकात्याने नुसता खेळातला धरलाच नाही. आजही २९ जुलै हा मोहन बागान दिवस म्हणून साजरा होतो.

त्या अकरांमध्ये पूर्व बंगालची मुळं असलेली पोरंही होती. १९११ ला मोहन बागान सगळ्यांचा होता. म्हणून माझे साहेब म्हणायचे की नऊ वर्षांनी जे झालं ते घरातल्या वाटणीसारखं होतं, आणि घरातली वाटणी कोर्टातल्यापेक्षा जास्त लागते. जादवपूरला हेच वाक्य सांगितलं तर काकू उसळायचे, म्हणायचे वाटणी मागायची वेळ कुणी आणली ते पण विचार की तुझ्या साहेबांना. लीगमध्ये ही दोघं पहिल्यांदा समोर आली २८ मे १९२५ ला, पहिल्या डिव्हिजनमध्ये भारतीय क्लब दोनच असू शकतात असा नियम होता तो मोडल्यावर ईस्ट बंगालला वर जागा मिळाली आणि पहिल्याच भेटीत नेपाल चक्रवर्तींच्या गोलने त्यांनी १-० मारली.

तुम्ही तिकडे गेलात तर सॉल्ट लेकचं मोठं स्टेडियम तर बघाच, पण मैदान जरूर बघा. मैदान म्हणजे फोर्ट विल्यमच्या भोवतीची लष्कराची मोकळी जमीन, तिथेच दोन्ही क्लबांची ग्राउंडं आहेत आणि क्लबच्या ऑफिसला अजून टेंटच म्हणतात. जुन्या काळी तिकीट न मिळालेले लोक पुठ्ठ्याच्या लांब नळीत आरसे बसवून, ती डोक्यावर धरून कुंपणापलीकडची मॅच बघायचे. साहेबांच्या वडिलांची अशी एक नळी त्यांच्या घरात मी हातात घेऊन पाहिलीय, आतला खालचा आरसा तडकलेला, बाहेरून हिरव्या आणि मरून रंगाचा कागद चिकटवलेला, आणि डोळा लावायच्या जागी कपाळाच्या घामाने पुठ्ठा काळा पडलेला.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दोन बंगाली आहेत. वाद झाला की एक जण काही न बोलता हाताचा पंजा दाखवतो आणि दुसरा गप्प होतो. हे काय आहे? (डोंबिवली)

पाच-शून्य. ३० सप्टेंबर १९७५, शील्डची फायनल. ईस्ट बंगालने त्याच वर्षी कलकत्ता लीग सलग सहाव्यांदा जिंकली होती, त्याआधी कोलकात्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा सलग पाचचा विक्रम होता, तो मोडला. आणि वरून ही फायनल. सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी, शुभंकर सन्याल यांचा एकेक आणि श्याम थापा यांचे दोन. इतक्या मोठ्या फरकाने डर्बी त्याआधी नाही आणि त्यानंतरही कुणी जिंकलेली नाही, म्हणून पन्नास वर्षं झाली तरी पंजा चालतो.

गंमत बघा, ज्या श्याम थापांनी दोन मारले ते १९७७ ला मोहन बागानमध्ये गेले आणि १९७८ च्या लीगमध्ये त्यांनी ईस्ट बंगालवर हवेत उलटं होऊन असा गोल मारला की मोहन बागानवाले त्यांना मागचं सगळं माफ करून बसले. तेव्हा असंच चालायचं, दर वर्षी दलबदलाचा मोसम असायचा, हव्या त्या खेळाडूला सही होईपर्यंत कुठेतरी लपवून ठेवायचे म्हणजे दुसरा क्लब पळवायला नको.

तुमचा गप्प बसणारा सहकारी मोहन बागानचा असणार. त्याला सांगा, २५ ऑक्टोबर २००९ काढ. आय-लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या लीगमध्ये, मोहन बागानने ५-३ मारली होती आणि पाचातले चार एकट्या चिडी एडेचे. किंवा १९७६ काढ, मोहम्मद अकबर यांनी मॅच सुरू झाल्यावर १७ व्या सेकंदाला गोल केला होता. पंजाला पुरेसं उत्तर नाही ते, पण निदान बोलणं सुरू राहील.

पण पंच्याहत्तरच्या त्या मॅचबद्दल अजून एक लिहायलाच हवं. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. पुष्कळ लोक ही गोष्ट क्लबवरच्या प्रेमाचा पुरावा म्हणून डोळे मोठे करून सांगतात आणि मला तो सूर अजिबात सहन होत नाही. एका घरातला मुलगा गेला, त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

पाच वर्षांनी त्याहून भयंकर झालं. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, लीगची मॅच. दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी, मैदानावर धसमुसळा खेळ झाला, दोन खेळाडूंना बाहेर काढलं, आणि ती ठिणगी वर गॅलरीत पडली. मारामारी, दगड, मग पळापळ, चेंगराचेंगरी. १६ जण गेले. मॅच ०-० सुटली, स्कोअर कुणाच्या लक्षातही नाही. आमच्या साहेबांचा शाळेतला मित्र त्या गर्दीतून जिवंत बाहेर आला, त्याची एक चप्पल तिथेच राहिली, आणि त्याच्या आईने दुसरी चप्पल कितीतरी वर्षं टाकून दिली नाही. दर वर्षी १६ ऑगस्टला बंगालमध्ये फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात, रक्तदान शिबिरं होतात, दोन्ही क्लबांचे लोक एकाच रांगेत बसून रक्त देतात. मी दोन वर्षं त्या रांगेत बसलेय.

प्रश्न : १९९७ च्या एका मॅचला एक लाख एकतीस हजार लोक होते असं वाचलं. छापायची चूक आहे का? (ठाणे)

चूक नाही. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपाची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम, आकडा १,३१,७८१. तेव्हा आत सलग बाकं होती, लोक दाटीवाटीने बसायचे. पुढे २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी स्टेडियम नव्याने केलं, खुर्च्या आल्या, आता तेवढे लोक मावणारच नाहीत.

गर्दी एवढी का झाली त्याचं श्रेय दोन कोचना. मोहन बागानचे अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. अमल दत्तांनी त्या मोसमात डायमंड नावाची रचना आणली होती, मधल्या फळीतले चौघं हिऱ्याच्या आकारात, सतत हल्ला, आणि समोरच्या टीम धडाधड पडत होत्या. मॅचच्या आधी त्यांनी पेपरवाल्यांसमोर ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची खाण्यावरून खिल्ली उडवली, ओमोलोला ऑम्लेट, सोसोला शोशा म्हणजे काकडी. बायचुंग भुतियालाही सोडलं नाही. पी. के. उलट बोलायला गेले नाहीत, त्यांनी ती कात्रणं पोरांपुढे ठेवली म्हणतात. ईस्ट बंगालने ४-१ मारली आणि भुतियाने हॅटट्रिक केली. बायचुंग तेव्हा वीस वर्षांचा होता! मोहन बागानचा एकुलता गोल चिमा ओकोरीचा.

मला यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिम्पिकला भारताचे कॅप्टन होते, एवढा मोठा खेळाडू, पण ते स्वतः या दोन्ही क्लबांकडून कधीच खेळले नाहीत, शेवटपर्यंत ईस्टर्न रेल्वेचे. कोच म्हणून मात्र दोन्हीकडे गेले आणि दोन्हीकडे त्यांना आपलं मानतात.

प्रश्न : मी वास्कोचा. आमच्या गोव्याच्या क्लबांनी यांच्यापेक्षा जास्त लीग जिंकल्या तरी कौतुक कोलकात्याचंच का? (वास्को)

तुमची तक्रार रास्त आहे आणि आकडे तुमच्या बाजूने आहेत. २००७-०८ ला आय-लीग सुरू झाली तिथपासून २०१२-१३ पर्यंत सहाच्या सहा वेळा कप गोव्यात गेला, धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. ईस्ट बंगालला आय-लीग एकदाही जिंकता आली नाही. मोहन बागानने २०१४-१५ आणि २०१९-२० ला घेतली. त्या काळात भारतातला सगळ्यात चांगला फुटबॉल बघायचा असेल तर गोव्यातच यावं लागायचं, यात वादच नाही, आणि २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा मला स्वतःला फार वाईट वाटलं होतं. कोलकात्यातल्या पेपरांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, हेही लिहून ठेवते.

कौतुक कोलकात्याचं होतं ते माणसांच्या संख्येमुळे, आणि वर सांगितलं त्या फाळणीमुळे. खेळ चांगला म्हणून नाही.

पण तुमच्या वास्कोचा या वैराशी थेट संबंध आलाय. कोविडमुळे आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) २०२०-२१ चा सगळा मोसम गोव्यात झाला आणि दोन्ही क्लब आयएसएलमध्ये आल्यावरची त्यांची पहिली डर्बी २७ नोव्हेंबर २०२० ला तुमच्या टिळक मैदानावर झाली. शंभर वर्षांच्या वैरातली ही मॅच आणि गॅलरीत एक माणूस नाही. मी टीव्हीवर बघितली, खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येत होत्या. रॉय कृष्णा आणि मनवीर सिंग, मोहन बागान २-०. त्या रात्री काकूंनी फोन उचलला नाही, ते हरले की उचलत नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले की हरल्याचं नेहमीएवढं लागलं नाही कारण मॅच झाली असं वाटलंच नाही.

तेव्हा मोहन बागानच्या नावापुढे एटीके लागलं होतं, एटीके हा कोलकात्याचाच आयएसएलमधला क्लब, २०२० ला मोहन बागानचं त्याच्याशी एकत्रीकरण झालं होतं ना. चाहत्यांना ते अजिबात रुचलं नाही, तीन वर्षं त्यांनी "रिमूव्ह एटीके" लावून धरलं. आणि ते नाव काढायची घोषणा कुठे झाली? तुमच्याच फातोर्ड्यात, १८ मार्च २०२३ ला, बंगळुरूला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकल्या जिंकल्या. तेव्हापासून मोहन बागान सुपर जायंट.

प्रश्न : मी पंच्याहत्तरीचा आहे, तरुणपणी कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचो. ही दोघं मुंबईत खेळल्याचं आठवतं. बरोबर ना? (गिरगाव)

अगदी बरोबर आठवतंय काका. मोहन बागान १९२३ लाच रोव्हर्सच्या फायनलला पोचला होता आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. तुम्ही म्हणता त्या काळात तर रोव्हर्स बहुतेक वर्षं या दोघांच्याच घरी असायचा, कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे, १९७२ ला निकालच लागेना तेव्हा कप दोघांत वाटून दिला. १९७७ ला मोहन बागानने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असं तिन्ही एकाच वर्षी घेतलं, त्याच वर्षी पेले त्यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबबरोबर ईडनला आले होते आणि मोहन बागानने त्यांना २-२ रोखलं. रोव्हर्स २०००-०१ नंतर बंदच पडला. मुंबईने ती स्पर्धा जाऊ द्यायला नको होती, जवळजवळ ११० वर्षांची परंपरा होती.

प्रश्न : तुम्ही कुणाच्या? (अनेक जण)

ईस्ट बंगाल. त्या रेडिओमुळे.

प्रश्न : २०२४ ला दोन्ही क्लबांचे चाहते एकत्र रस्त्यावर आले होते तो व्हिडिओ बघितला. मग वैर संपलं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

नाही गं, संपलेलं नाही. काय झालं ते नीट सांगते.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यातल्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. शहर पेटून उठलं, रात्र-रात्र बायका रस्त्यावर होत्या. १८ ऑगस्टला ड्युरँड कपात डर्बी होती, आणि दोन्हीकडच्या चाहत्यांनी ठरवलं होतं की गॅलरीत न्याय मागायचा. आदल्या दिवशी मॅचच रद्द झाली, सुरक्षेला पोलीस पुरणार नाहीत असं कारण दिलं गेलं. तरी लोक स्टेडियमबाहेर आले. लाल-पिवळे जर्सीवाले आणि हिरवे-मरून जर्सीवाले एका रस्त्यावर, मोहमेडनचेही आले, मोहन बागानचा कॅप्टन शुभाशिष बोस बायकोला घेऊन आला. घोषणा होती, "दुइ गॅलारिर एक स्वर, जस्टिस फॉर आर जी कर". दोन गॅलऱ्यांचा एक आवाज. मॅचला पोलीस नव्हते म्हणाले, पण या लोकांवर लाठीमार करायला पोलीस होते. पावसात, धक्काबुक्कीत लोक एकमेकांचे हात धरून उभे राहिले.

तारीख बघ, १९८० च्या त्या दुर्घटनेला दोनच दिवसांपूर्वी ४४ वर्षं पुरी झाली होती. तेव्हा एका स्टँडमध्ये बसलेले हे दोन गट एकमेकांवर धावून गेले होते.

काकू तिथे गेले होते, गुडघ्याचं दुखणं घेऊन. संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाज बसलेला. म्हणाले, पोलीस आले तेव्हा मला एका पोराने दंडाला धरून बाजूला ओढलं, नाहीतर डोक्यात बसली असती. मी विचारलं, कोण होता? म्हणाले, नाव विचारायचं राहिलं, मोहन बागानचा होता, जर्सीवर दहा नंबर.

१९ ऑक्टोबरला आयएसएलमध्ये दोघं परत समोर आले, सॉल्ट लेकला. मोहन बागान २-०. मी रात्री फोन लावला, काकूंनी उचलला नाही.